मारोती कावडीवाल्याचा गुडघा

"डॉक्टरसाब, इत्ता लिख देव बस. ऊपर से कूदने से घुटने में मोच आई." अमीनसाहेबांनी कागद माझ्यापुढं सरकवला आणि दौतीचं झाकणही स्वतःच उघडून ठेवलं.

अमीन म्हणजे निजामाच्या राज्यात पोलिस ठाण्याचा मुख्य. मी तेव्हा एका कसब्याच्या गावी सरकारी दवाखान्यात डॉक्टर होतो. जालन्याहून बैलगाडीनं एका दिवसाची वाट. गावाचं नाव लिहीत नाही, कारण माणसं अजून हयात आहेत.

अमीनसाहेबांच्या मागं दोन जवान उभे होते आणि त्यांच्या मधे एक लंगडा माणूस. तिशीतला, काटक, खांद्यावर घट्टा पडलेला. उजवा गुडघा वाकलेला, टाच जमिनीला टेकत नव्हती. चेहरा ओळखीचा वाटला, पण कुठं पाहिला ते आठवेना. नाव मारोती.

प्रकरण असं होतं. सोमवारी रात्री एका व्यापाऱ्याच्या घरी चोरी झाली. चोर माळवदावरून, म्हणजे मातीच्या सपाट छपरावरून, मागच्या बोळात उडी टाकून पळाला. राखणदारानं त्याला पडताना ऐकलं आणि लंगडत जाताना पाहिलं. अंधारात तोंड दिसलं नाही. मग पोलिसांनी गावात लंगडणारा माणूस शोधला. शनिवारी हा सापडला, घरात कणगीआड बसलेला.

"ये बोलता गाडी से गिरा," अमीनसाहेब म्हणाले. "किसकी गाडी, तो चुप. इसकी औरत सबको बोलती फिरी, मर्द मंठे गाँव को गया. मर्द घर में. दाल में काला है कि नहीं?"

काळं होतं खरं. मी स्वभावानंच संशयी. आमचे कंपाउंडर नरहरराव म्हणायचे, डॉक्टर तीर्थ घेतानासुद्धा आधी वास घेतात. पण संशय एकाच माणसाचा घ्यायचा असं थोडंच आहे? सही मागणाऱ्याचाही घ्यावा लागतो. मी दौतीला झाकण लावलं आणि मारोतीला बाकावर बसवलं.

एक्स-रेचं मशीन मी हैदराबाद सोडल्यापासून डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. आमच्याजवळ हात, डोळे आणि हिस्टरी. हिस्टरी म्हणजे दुखण्याची हकिगत. गुडघ्याच्या बाबतीत हिस्टरी नीट घेतली तर निम्मं निदान हात लावायच्या आधीच होतं. गुडघा उगाच दुखावत नाही. पाय जमिनीत रुतलेला असतो आणि अंग वळतं, तेव्हा आतली गादी फाटते. त्याला आम्ही कार्टिलेज म्हणतो. असा गुडघा मधेच अडकतो, कडी लागल्यासारखा. बांधून ठेवणारी दोरी, म्हणजे लिगामेंट, तुटली तर कट्‌ असा आवाज येतो, घटकाभरात गुडघा फुगतो आणि नंतर चालताना दगा देतो. घटकाभरात फुगला तर आत रक्त, दुसऱ्या दिवशी सकाळी फुगला तर बहुधा पाणी. आणि खरोखर पडलेला माणूस आपलं पडणं विसरत नाही. तो दगडसुद्धा सांगतो.

"कसा पडलास?"

"गाडीवरून पडलो जी."

"उतरताना की चालत्या गाडीवरून?"

"पडलो... असाच."

"कोणता पाय आधी टेकला?"

त्यानं दोन्ही पायांकडं पाहिलं. "ह्योच असंन."

"आवाज आला काही?"

"न्हाई. व्हय, आल्ता. न्हाई याद."

"सूज कधी आली?"

"लगेच." मग माझ्या तोंडाकडं बघून, "दुसऱ्या दिशी."

"गुडघा अडकतो? चालताना सटकतो?"

"न्हाई जी. सरळच होत न्हाई."

"एका बोटानं दाखव, कुठं दुखतं."

गादी फाटलेला माणूस एक बोट नेमकं सांध्याच्या फटीवर ठेवतो. मारोतीनं अख्खा तळवा गुडघ्याच्या मागं ठेवला आणि खाली पिंढरीपर्यंत ओढत नेला. मी हात लावून पाहिलं. गुडघा गरम होता, मागच्या बाजूनं जाड झाला होता. पण खरचटल्याची खूण नाही, काळंनिळं नाही. पाच दिवसांपूर्वी माळवदावरून पडलेल्या माणसाच्या अंगावर एक तरी डाग नको?

म्हणजे हा गाडीवरून पडला नव्हता, हे नक्की. पण माळवदावरूनही पडलेला दिसत नव्हता. मग खोटं कशासाठी बोलतोय?

"मी असं लिहू शकत नाही," मी अमीनसाहेबांना सांगितलं. "मला चार दिवस द्या. माणूस दवाखान्याच्या ओसरीवर राहू द्या, तुमचा जवान बसवा."

अमीनसाहेबांनी कागद घडी करून खिशात घातला. उठताना सहज बोलल्यासारखं म्हणाले, "आपके घर का पानी वोइच डालता ना, डॉक्टरसाब?"

तोंड ओळखीचं का वाटलं ते तेव्हा कळलं. मारोती कावडीवाला. बारवेतून कावडीनं पाणी आणून आठ-दहा घरी घालायचा, त्यात माझंही घर. बारव म्हणजे पायऱ्या उतरून पाण्यापर्यंत जायची विहीर. रोज सकाळी माझ्या अंगणातून जाणारा माणूस मी ओळखला नव्हता. आणि अमीनसाहेबांना वाटत होतं, डॉक्टर आपल्या माणसाला वाचवून राहिलेत.

दुपारी घरी गेलो तर आधी बायकोला विचारलं, "आपल्याकडं पाणी कोण घालतंय?"

"सोजर. मारोतीची बायको. दहा दिवस झाले की. तो मंठ्याला गेलाय म्हणे, मावशीकडं."

"दहा दिवस? नक्की?"

"अमावास्येच्या आदल्या दिवसापासून. मला नाही का कळत?"

चोरी होऊन पाच दिवस झाले होते. म्हणजे चोरीच्या आधी पाच दिवसांपासून हा माणूस कावड उचलत नव्हता. कुठंतरी पाणी मुरत होतं, पण ते चोरीचं नव्हतं. की चोरीची तयारी म्हणून आधीपासूनच मंठ्याचं सोंग रचलं होतं? खोटं सांगेन कशाला, हाही विचार माझ्या मनात आला.

दुसऱ्या दिवशी सोजर भाकरी घेऊन दवाखान्यात आली. कपाळापर्यंत पदर, बोलायला बिचकणारी. मी तिला चोरीचं काहीच विचारलं नाही. एवढंच विचारलं, "झोप लागते का त्याला?"

"कुठली वो झोप! रातभर खाजवून राह्यला. पार कातडं काढलं."

हे बोलली आणि तिनं पदर तोंडावर दाबला. तिकडून मारोती तिच्याकडं असा बघत होता की जणू तिनं घर पेटवून दिलं.

मुरगळलेला गुडघा ठणकतो, सुजतो, अडकतो. तो खाजत नाही. कुठल्याच पुस्तकात खाजत नाही. मी ओसरीवर त्याच्याजवळ जाऊन बसलो. जवान तंबाखू मळत होता. मी आवाज न बदलता विचारलं, "मारोती, गेल्या साली ह्याच दिवसांत पाणी कुठलं पीत होतास?"

"गंगेचं, साहेब. शहागडाला गेल्तो कामाला. समदा उन्हाळा गंगेचंच पानी पिलो."

आमच्याकडं गोदावरीला गंगा म्हणतात. उत्तर झटकन आलं. कालच्या एकाही प्रश्नाला एवढ्या झटकन आलं नव्हतं. हा प्रश्न मी दुसऱ्या कुणालाही विचारला असता तर तो माणूस हसला असता. गुडघ्याला नि पाण्याला काय संबंध, म्हणाला असता. ह्यानं विचारलं नाही. संबंध त्याला माहीत होता.

"नारू आहे तुला," मी म्हणालो.

मारोती रडायला लागला. धडधाकट बाप्या माणूस, हमसून हमसून रडला.

नारू आज कुणाला माहीत नाही, म्हणून सांगतो. बारवेच्या पाण्यातून तो पोटात जातो, वाहत्या नदीच्या नाही. वर्षभर काही कळत नाही. मग दोऱ्यासारखा हात-दीड हात लांब किडा कातडीखाली उतरतो, बहुतेकांच्या पायात, आणि फोड होऊन तोंड बाहेर काढतो. फोड यायच्या आधी आग होते, खाज सुटते. सांध्याजवळ असला तर गुडघा आखडतो. आणि असा पाय बारवेत बुडाला की किडा पाण्यात पिल्लं सोडतो. ते पाणी पिणाऱ्याला पुढच्या वर्षी नारू. म्हणून दोन वर्षांपूर्वी गावात दवंडी पिटवली होती. नारू झालेल्यानं बारवेत पाय घालायचा नाही, घातला तर कावड-घागर जप्त. ती दवंडी माझी होती. तहसीलीत खेटे घालून मंजूर करून घेतलेली. मला तिचा मोठा अभिमान होता. तेव्हापासून नारूचे पेशंट कमी झाले होते.

"मंग आधीच का नाही सांगितलंस? चोर म्हणून धरलंय तुला!"

"चोर म्हनून धरलं तर माल न्हाई सापडला की सोडतेत, साहेब. नारूवाला म्हनून नाव पडलं तर मला कोन पानी घालू दील? दोन लेकरं हायेत. खाज सुटली त्या दिसापून बारवेत पाय न्हाई घातला, लेकराची आन. सोजरनंच पानी घातलं. तुम्ही पडलो म्हनूनच लिवा. हात जोडतो."

गावात माझा हुकूम इमानानं पाळणारा हा एकच माणूस मला माहीत होता आणि तो माझ्याच ओसरीवर चोर म्हणून बसला होता. मला स्वतःची शरम वाटली.

पण लिहायचं काय? पडला म्हणून लिहिलं तर अमीनसाहेब माळवदावरूनच पडला म्हणणार. नारू लिहिलं तर पुरावा काय, असं विचारणार. किडा अजून बाहेर आला नव्हता. मी नरहररावांना थंड पाण्याच्या घड्या ठेवायला सांगितलं. गार पाण्यानं नारूला तोंड काढायची इच्छा होते. एक दिवस गेला, दोन गेले. अमीनसाहेब रोज जवानाकडून निरोप पाठवायचे. तिसऱ्या दिवशी निरोपात "ऊपर रिपोर्ट" असा शब्द आला. मी आतून घाबरलो होतो, पण नरहररावांना कळू दिलं नाही.

चौथ्या दिवशी गुडघ्याच्या खाली, आतल्या बाजूला फोड आला. दुपारी फुटला. मी जवानाला पळत पाठवलं. अमीनसाहेब आले. मी चिमट्यानं पांढरं टोक धरलं आणि काडीला एक वेढा दिला. नारू ओढून काढायचा नसतो, तुटला तर पाय सडतो. रोज दोन बोटं, बस.

अमीनसाहेब वाकून बघत राहिले. "ये... जिंदा है?"

"हौ. ह्यानं चोरीच्या पाच दिवस आधीपासून पाय वाकवून ठेवलाय. हा माळवदावर चढणार कसा?"

ते सरळ झाले, रुमालानं तोंड पुसलं. "माफ करना, डॉक्टरसाब. मैं समझा, पानी का लिहाज कर रहे." मग जवानाला म्हणाले, "छोड दे इसे." माणूस सरळ होता. मी त्यांच्यावर घेतलेला संशयही वाया गेला. खरा चोर शेवटपर्यंत सापडला नाही.

रिपोर्टात मी नारू लिहिलं. दुसरं काही लिहिता येत नव्हतं. संध्याकाळपर्यंत गावभर झालं. मारोती आगीतून उठून फुफाट्यात पडला. मी त्याची कावड जप्त केली नाही. करायची गरजच पडली नाही. एकेका घरानं सोजरला दारातूनच परत पाठवलं. त्याच्या पायातला किडा निघून गेल्यावर कसलीच भीती नाही, हे मी दारोदार सांगत फिरलो. लोक "बराबर, डॉक्टरसाहेब" म्हणायचे आणि दुसऱ्याकडून पाणी घ्यायचे. माझ्या घरी सोजर येत राहिली, पण एका घरावर कावड चालत नाही. पावसाळा लागायच्या आत ती चौघं जालन्याला गेली, कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला. परत आली नाहीत.

पुढच्या उन्हाळ्यात दवाखान्याच्या रजिस्टरात नारूचा एकही पेशंट नव्हता. वरून शाबासकीचा कागद आला. दोन वर्षांपूर्वी तो मी भिंतीला लावला असता. आता मी तो वाचला आणि बारवेवर जाऊन बसलो. एका सकाळीत पायाला फडकं गुंडाळलेली सात माणसं पायऱ्या उतरताना मोजली. कुणाला काटा लागला होता, कुणाचा पाय भाजला होता. सगळी मला बघून लगबगीनं निघून गेली.

मी दवंडी बदलून घेतली. नारू झालेल्यानं पायरी उतरायची नाही, पण त्याच्या घागरी दवाखान्याचा शिपाई भरून वर देईल. कुणाचीही कावड जप्त होणार नाही. नरहरराव म्हणाले, शिपाई पळून जाईल. तो पळाला नाही, फक्त रोज मला शिव्या द्यायचा.

त्याच्या पुढच्या वर्षी वैशाखात नारूवाल्यांची रांग ओसरीच्या खाली उतरली. वरून जाब आला. तुमच्या हद्दीत आजार एकाएकी एवढा का वाढला, खुलासा करा. मी खुलासा केला. आजार वाढलेला नाही, लोक खरं सांगू लागले आहेत. ह्या खुलाशाला उत्तर आलं नाही, मात्र माझी बढती दोन वर्षं अडली.

पेशंट खोटं बोलला की मी आजही संशय घेतो. फक्त, खरं बोलला असता तर त्याचं काय गेलं असतं, हे आधी शोधतो. मारोतीच्या बाबतीत ते मला दुसऱ्या दिवशी कळलं आणि तोवर रिपोर्ट टाळणं माझ्या हातात उरलं नव्हतं.