रहाटाच्या चाकाचं जॅकेट

ओल्या, गंजक्या लोखंडाचा वास आला की मला उमेळे गावातली आमची केळीची वाडी आठवते. कॉलेजच्या फॅशन शोसाठी मी स्वतःचं स्टीमपंक जॅकेट शिवत होते. म्हणजे वाफेच्या इंजिनांच्या काळातला थाट, पितळी बटणं, दातेरी चाकं. बाजारातून आणलेली चाकं पाठीवर टाचली, तर वजनाने कापडच लोंबायला लागलं. शो तर तोंडावर आलेला. वैतागून मी नवं पांढरं कापड भिजवलं आणि संध्याकाळी विहिरीवरच्या बंद पडलेल्या रहाटाच्या गंजक्या दातेरी चाकावर पसरून आले. सकाळी आईची हाक आली, "अगो, कापडाला गंज लागला की सगळा! थांब, लिंबू चोळते." मी धावत गेले, तर कापडावर अख्खं चाक उमटलेलं, नारिंगी-तपकिरी, दात न् दात वेगळा! "आई, लिंबू नको!" मी अशी ओरडले की केळीतल्या साळुंक्या उडाल्या. "हेच पाठीवर येणार!" आई हातात लिंबू धरून म्हणाली, "डाग मिरवणार तू?" मिरवला, अगदी ऐटीत! आता वाडीच्या जागी बिल्डिंग आहे, चाक कधीच भंगारात गेलं. जॅकेट धुवायला काढलं की आईच स्वयंपाकघरातून ओरडते, "हळू गो, डाग जाईल!"