वाटून घेतलेले संगणक

दोन हजारच्या आसपासची गोष्ट. वर्ध्याहून अल्लीपूरला जाणाऱ्या एसटीत त्या बाई माझ्या शेजारी बसल्या होत्या. इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायच्या. नाव मी विचारलं नाही. बोलता बोलता त्या समोरच्या सीटवरच्या धुळीत बोटाने चौकोन काढायच्या आणि रेघांनी एकमेकांना जोडायच्या.

कॉलेजातले जुने संगणक त्यांनी असेच तारांनी जोडले होते. एकट्याला न झेपणारं गणित सगळ्यांनी वाटून घ्यायचं, कोणी कोणासाठी खोळंबायचं नाही, अशी ती मांडणी. त्यात त्यांच्या दोन उन्हाळ्याच्या सुट्ट्या गेल्या होत्या. गावोगावच्या विहिरींना पाणी कुठवर पुरेल, याचं गणित त्यावर चालू होतं. तेवढ्यात तपासणी पथक येणार म्हणून संस्थाचालकांनी तारा काढायला लावल्या आणि ऑफिसातल्या प्रत्येक टेबलावर एकेक संगणक नेऊन ठेवला.

"मग गणित अर्धंच राह्यलं काय?" मी विचारलं.

"हो नं भाऊ. मशीनी मिळून काम करून राह्यल्या होत्या. पण मिळून केलेलं काम कोणाले दिसत नाई. टेबलावरचा डबा दिसते," त्या म्हणाल्या आणि तळहाताने सगळे चौकोन पुसून टाकले.

पुढच्या वर्षी पुतण्याच्या प्रवेशासाठी त्याच कॉलेजात गेलो. टेबलाटेबलावर संगणक कापडाने झाकलेले होते आणि बाबू हातानेच लिहीत होता. मी त्याच्याकडे संगणक जोडणाऱ्या बाईंची चौकशी केली.

"त्या गेल्या सोडून. काऊन, काही काम होतं काय?"

मी नाही म्हणालो. त्या वर्षी आमच्या गावातल्या विहिरी होळीलाच आटल्या होत्या.