रेंजफाइंडर, पदर आणि माझा संशय

मंडळी, आज जुन्नरच्या स्टुडिओवाल्या काकांशी भांडायलाच गेले होते. ऊसतोड बायकांच्या रेशनकार्डाच्या अर्जांसाठी मी काढलेले सगळे फोटो पुसट आले. मला वाटलं, काकांनी जुन्या रेंजफाइंडर कॅमेऱ्याला खराब लेन्स लावून तो मला विकला.

काका म्हणाले, "रिंग फिरवून खिडकीत दिसणाऱ्या दोन चेहऱ्यांचा एक केला व्हता ना?"

"केला होता."

"मग तुमी 'फोटो काढते' म्हटल्यावर बाया काय करत्यात?"

मला आठवलं, त्या पदर सावरत पाऊलभर मागे सरकतात.

"कमी उजेडात या लेन्सला एक पाऊलपण लई व्हतं. आधी सरकू द्या, मग फोकस करा."

संध्याकाळी पारगावला त्यांच्या पाचटाच्या खोपीपाशी तसंच केलं. टोळी उद्या गावी परतणार, म्हणजे हे शेवटचेच फोटो.

तरी शंका जात नाही. लेन्सचा दोष काकांनी बायकांवर तर ढकलला नाही? दोष लपवायला त्यांनी धुतानाच फिल्म बिघडवली तर? रोल त्यांच्याकडेच धुवायला देऊ का? तुम्ही दिला असता?