कॉलरखाली चार बोटं

दुकानात त्यांना सगळे ओळंबाबाई म्हणत. भिंत सरळ उभी राहतेय का ते बघायला गवंडी दोरीला वजन बांधून सोडतो ना, तो ओळंबा. नाव मालकांनी ठेवलं होतं आणि कौतुकानं ठेवलं होतं. टीशर्टवर चित्र छापायचं म्हणजे काय, तर चित्राचा कागद कापडावर ठेवायचा आणि वरून तापलेला प्रेस दाबायचा. पंधरा सेकंदांत काम फत्ते. पण ते चित्र ठेवायचं कुठे, ही खरी मेख. जरासं कललं तरी घालणारा माणूस एका खांद्यानं झुकल्यासारखा दिसतो, आणि एकदा दाबलेलं चित्र ब्रह्मदेव खाली आला तरी निघत नाही. ओळंबाबाई कॉलरखाली चार बोटं टेकवायच्या, डोळे बारीक करायच्या, चित्र ठेवायच्या आणि दाबायच्या. अठरा वर्षं हेच. मोजायची पट्टी भिंतीवरच्या खिळ्याला धूळ खात लटकलेली असायची.

त्या सकाळी साठ कोरे टीशर्ट आले, एका नव्या कारखान्यात शिवलेले. रोज फिरायला जाणाऱ्या निवृत्त मंडळींची ऑर्डर होती. छातीवर एक आडवी रेघ आणि रेघेवरून ओळीनं चाललेली नऊ माणसं. बाईंनी पहिला टीशर्ट पसरला, चार बोटं टेकवली, चित्र ठेवलं. रेघ सरळ दिसली. मग नजर खाली गेली, तर टीशर्टचा खालचा काठ एका बाजूला उतरलेला. त्यांनी टीशर्ट फिरवून काठ सरळ केला, तर रेघ उतरली. रेघ सरळ केली की काठ वाकडा, काठ सरळ केला की रेघ वाकडी. असं कधी झालं नव्हतं.

टीशर्टच्या घड्या घालणारी मुलगी समोर नाही असं बघून त्यांनी गुपचूप पट्टी काढली. काठापासून रेघेपर्यंत डावीकडे मोजलं, उजवीकडे मोजलं. एका बाजूला बोटभर जास्त. म्हणजे डोळ्यांना जी रेघ सरळ दिसत होती, ती पट्टीच्या हिशेबानं वाकडी होती. बाईंनी पट्टी उलटी धरून पुन्हा मोजलं. तेवढंच.

त्यांच्या आईच्या डोळ्यांचं असंच सुरू झालं होतं. बरोबर एक्कावन्नाव्या वर्षी. दाराची चौकट मध्येच वाकलीय म्हणून आई सुताराला शिव्या देत बसायची आणि घरात सगळे हसायचे. बाईसुद्धा हसल्या होत्या. दोन वर्षांनी तीच आई भिंतीला हात लावत लावत मोरीपर्यंत जायला लागली, तेव्हा हसणारं कुणी उरलं नाही. बाईंना गेल्या महिन्यात एक्कावन्नावं लागलं होतं.

त्यांनी एक डोळा झाकून खिडकीचे गज बघितले. मग दुसरा झाकून. गज सरळ होते. पण भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ते काय खोटं आहे? टक लावून पाहिलं की सरळ गजही हलायला लागतात, तसे ते हलले.

"अगं, जरा बघ गं," त्यांनी घड्या घालणाऱ्या मुलीला सहज विचारल्यासारखं विचारलं. "सरळ आहे ना?"

"तुम्ही लावलंय ताई, म्हणजे सरळच असणार," ती मान वर न करता म्हणाली.

अठरा वर्षांच्या नावलौकिकाचं हे बक्षीस. बाईंच्या कामाकडे डोळे उघडून बघायची गरजच कुणाला उरली नव्हती.

मग त्यांनी ठरवलं, डोळ्यांचं ऐकायचं नाही, पट्टीचं ऐकायचं. काठापासून मोजायचं, ठेवायचं, दाबायचं. प्रत्येक वेळी रेघ डावीकडे घसरलेली दिसायची आणि प्रत्येक वेळी त्या स्वतःला बजावायच्या, ती सरळच आहे, तुलाच वाकडी दिसतेय. साठ वेळा.

दुपारी मालक डोकावले. "काय ओळंबाबाई, आज हातात पट्टी?"

"मोठी ऑर्डर आहे, म्हटलं उगाच चूक नको."

"तुम्हालाच पट्टी लागायला लागली तर मला कापडावर उजेडाची सरळ रेघ पाडणारं यंत्र घ्यावं लागेल," मालक हसले आणि गेले. गंमतच होती ती. पण बाईंनी पट्टी आणखी घट्ट काठाला लावली. झाकली मूठ किती दिवस झाकलेली राहणार?

संध्याकाळी भाजी चिरता चिरता त्या समोरच्या फळीकडे आळीपाळीनं एकेक डोळा मिटून बघत होत्या. नवरा दारात उभा राहून बघत होता.

"कुणाला डोळा मारतेयस?"

"तुम्हालाच. दुसरं कोण आहे इथं?"

तो खूश होऊन बाहेर गेला. तो गेल्यावर बाईंनी दोन्ही डोळे मिटले आणि ओट्यापासून नळापर्यंत पावलं मोजली. चार. नळापासून दारापर्यंत सहा. सवय केलेली बरी, असं त्यांना वाटलं, आणि सहाव्या पावलावर चौकट हाताला लागली तेव्हा इतकी भीती वाटली की त्या तिथंच खाली बसल्या. नवऱ्याला सांगायला तोंड उघडलं, पण मिटून घेतलं. सांगितलं की ते खरं होणार होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फिरणाऱ्या मंडळींचे म्होरके आले. हौशी गृहस्थ. शर्टावरच टीशर्ट चढवला आणि आरशासमोर उभे राहिले.

"अहो मालक," ते म्हणाले, "आम्ही काय घसरगुंडीवर फिरायला जातो का?"

मालक धावले. घडीवाली आली. बाई प्रेसपाशीच उभ्या होत्या. तिथूनच त्यांनी बघितलं. नऊच्या नऊ माणसं डावीकडे उतारावरून चालली होती. काल दिसली तशीच. अगदी तितकीच.

मालकांनी टीशर्ट चिमटीत धरून ओढला. बगलेची शिवण पोटावर आली होती. "कापडच तिरकं कापलंय! खालचा काठ मुळात वाकडा. त्या काठावरून मोजलं की असं होणारच. सगळे साठ असेच?" त्यांनी कपाळाला हात लावला.

"तुम्हाला दिसतंय?" बाईंनी विचारलं. "उतरलेली दिसतेय रेघ? सगळ्यांना?"

"आंधळ्यालासुद्धा दिसेल, ओळंबाबाई!"

बाई स्टुलावर बसल्या.

"मला काल सकाळीच दिसलं होतं," त्या म्हणाल्या. "पहिल्याच टीशर्टला."

"मग दाबलेत कसे? साठच्या साठ?"

"मला वाटलं, माझे डोळे चालले. आईचे गेले तसे."

म्होरक्यांनी हळूच टीशर्ट काढून त्याची घडी घातली. बाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्यांना हसू आवरत नव्हतं.

"साठ टीशर्ट वाया गेले," मालक म्हणाले, "आणि तुम्ही हसताय?"

"टीशर्टच गेले ना, मालक," बाई म्हणाल्या, आणि पदरानं डोळे पुसून पुन्हा एकदा त्या वाकड्या रेघेकडे डोळे भरून बघत राहिल्या.