विनायकचं बुडालेलं वर्ष

पांडू कोळ्याच्या गुडघ्याचं प्लास्टर मी बांधलं होतं, विनायकने नाही. हे आजवर मी कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. महिन्यापूर्वी विनायक विषमज्वराने गेल्याची तार आली, तेव्हापासून हे वाक्य रोज आठवतं.

आम्ही दोघं चौलचे. डॉक्टरकी शिकायला मुंबईला गेलो तेही एकाच आगबोटीने. तिसऱ्या वर्षी वॉर्डात मी घाईघाईने ते प्लास्टर बांधलं, फार आवळून. सकाळी पांडूची बोटं निळी पडलेली. विनायकने पाहिलं, लगेच कापून काढलं म्हणून पाय वाचला. मोठ्या साहेबांनी विचारलं, "कुणी बांधलं हे?" मी खाली वाकून प्लास्टरचे तुकडे गोळा करू लागलो. विनायक म्हणाला, "मी, सर." साहेबांनी त्याला परीक्षेला बसू दिलं नाही, त्याचं वर्ष बुडालं.

बाहेर आल्यावर मला म्हणतो, "वर्ष बुडालं तर तुझे वडील शिक्षण सोडवून तुला कायमचं वाडीत सुपाऱ्या सोलायला बसवतील. माझी आई फार तर चार दिवस अबोला धरेल."

ते वर्ष त्याने चौलला मामांकडे काढलं. मामा, म्हणजे तात्या, हाडं बसवायचे. त्यांची शिकवायची तऱ्हा अशी: मडकं फोडायचं, खापऱ्या पोत्यात भरायच्या आणि शिकणाऱ्याने पोत्यात हात घालून, न बघता ते जुळवायचं. सुट्टीत मी गेलो तर हा ओटीवर डोळे मिटून बसलेला.

"डॉक्टरसाहेब, चौथं मडकं हे," तात्या म्हणाले. "मामीला पाण्याला एखादं ठेवाल ना?"

"त्याला कशाला बोलता? फोडता तुम्हीच," मामी आतून म्हणाल्या.

विनायक असा काही हसला की जुळत आलेलं मडकं पोत्यातच विस्कटलं.

मी वेळेवर पास झालो, माणगावला दवाखाना घातला. तो मागून आला आणि गुडघ्यांचा सर्जन झाला. चाकू घेण्याआधी गुडघ्यावर हात ठेवून डोळे मिटायचा आणि आत काय तुटलंय ते सांगायचा. विद्यार्थी गालात हसायचे. मग गुडघा उघडला की तो म्हणाला होता तसंच आत निघायचं.

पांडू दर शिमग्याला सुके बोंबील घेऊन त्याच्याकडे यायचा आणि उकिडवा बसून दाखवायचा. एकदा मीही तिथे होतो.

"बसतो का न्हाय, डाक्तर? आवळलं बी तुमीच, सोडवलं बी तुमीच."

विनायकने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "ऊठ आता," म्हणाला.

"उठतो. तुमी बसून दावा आदी."

हा बसला आणि त्याला उठवायला आम्ही दोघं लागलो.

परवा चौलला गेलो होतो. त्याची आई, माई, म्हणाल्या, "लहानपणापासून धांदरट. ते वर्ष घालवलंन, पण पुढे सुधारला हो." मी नुसती मान हलवली. आज हे लिहिलं खरं, पण माईंना वाचता येत नाही. ती चूक माझी होती, हे त्यांच्यासमोर बसून मला अजून सांगायचं आहे.