शहबाजची हुडकी

वडशाच्या स्टेशनरोडवर शहबाजचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. गिऱ्हाईक फुटका डिस्प्ले घेऊन ताटकळतं आणि हा गडी लॅपटॉपवर कोड लिहीत बसलेला! त्याचे अब्बा, जाफरभाई, वैतागून ओरडतात, "अबे, त्याचा स्क्रीन बसव ना पयले!" ब्रह्मपुरीच्या कॉलेजात लागलेला हा नाद काही सुटत नाही.

या नादातूनच 'हुडकी' जन्माला आली. टोरंटच्या, म्हणजे लोक एकमेकांना फाइली देतात त्या साइटवर शोध घेणारी ही इवलीशी लायब्ररी; म्हणजे कुणीही आपल्या प्रोग्रामात जोडून घ्यावा असा तयार कोड. नाव सांगा, ती साइट धुंडाळून यादी पुढ्यात ठेवते. भपका नाही की पसारा नाही. अब्बांच्या म्हाताऱ्या लॅपटॉपवरही सुसाट पळते. शहबाजने ती नेटवर फुकट ठेवली आणि कुठल्या कुठल्या मुलखातले लोक ती वापरू लागले. "किती हलकी आहे हो!" असं कुणीसं लिहिलं, त्या दिवशी पठ्ठ्याने शेजारच्या साऱ्या दुकानांना चहा पाजला.

यंदा दिवाळी सरली, झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम सुरू झाला आणि एका दुपारी नाटकात काम करणारी चंचल धापा टाकत दुकानात शिरली. मागून तिची आई, गुणाबाई. एके काळी गुणाबाईचं गाणं ऐकायला गावंच्या गावं लोटायची. पण घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला, कुजबुज तेवढी उरली. तिच्या गाजलेल्या नाटकातली तिचीच भूमिका आता चंचलला मिळाली होती. शेवटच्या गाण्याची चाल मात्र कुणालाच येईना. पेटीवाला वारलेला, आणि आई शब्द सांगेल, चाल कशी सांगेल?

"संध्याकाळच्या तालमीत गाणं बसलं नाई, तं मंडळवाले नागपूरची बाई आणतो म्हणतात," चंचल म्हणाली. "कोणीतरी नाटकाची रेकॉर्डिंग टोरंटवर टाकली होती म्हणे. भाऊ, शोधून दे ना!"

"माही हुडकी कायले आहे मंग?" शहबाजने ऐटीत नाटकाचं नाव टाकलं. काहीच नाही. पुन्हा टाकलं. पुन्हा काहीच नाही! चंचलच्या डोळ्यांत पाणी तरळलं.

आणि एकदम शहबाजने कपाळावर हात मारला. टोरंटवरची फाइल लोकांच्या आपापल्या कॉम्प्युटरांत असते. त्यातला एखादा चालू असेल तरच ती दुसऱ्याला मिळते. एकही चालू नसेल तर ती नोंद मेली समजायची आणि हुडकीने ती दाखवायचीच नाही, हे त्यानेच ठरवलं होतं. हलकी करायच्या हौसेपायी! अतिशहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय. त्याने ती ओळ खोडली, शोध पुन्हा लावला, आणि आली! नाटकाचं नाव, आणि शेजारी टाकणाऱ्याचं: सिंदेवाही साउंड.

"अरे, हा तं आपला मुखरूभाऊ!" नाटकांना लाउडस्पीकर पुरवणाऱ्या मुखरूला त्याने तडक फोन लावला. "मुखरूभाऊ, तुमचा जुना कॉम्प्युटर कुठी आहे?"

"माळ्यावर, धानाच्या पोत्यामागं. काऊन?"

"गुणामावशीचं गाणं हाये त्याच्यात! उतरवा, चालू करा, टोरंट सुरू करा!"

"गुणाबाईचं? थांब थांब, शिडीच लावून राह्यलो!"

मग सगळे स्क्रीनवरच्या चालू कॉम्प्युटरांच्या आकड्याला डोळे लावून बसले. मोबाइल घ्यायला आलेली गिऱ्हाइकं मोबाइल विसरली. शून्य. शून्य. शून्य. आणि अचानक एक! शहबाज असा किंचाळला की जाफरभाईंच्या बशीतला चहा लेंग्यावर सांडला, पण त्या दिवशी तेही रागावले नाहीत. फाइल उतरू लागली.

गाणं सुरू झालं. गुणाबाईचा भरदार, मोकळा आवाज त्या चिमुकल्या दुकानात मावेना. रस्त्यावरचे लोक थबकले. जाफरभाईंनी डोळ्यांना रुमाल लावला. चंचल हुंदके देत ऐकत होती. गुणाबाई मात्र डोळे मिटून, एक बोट टेबलावर ठोकत बसली होती.

मध्येच तिने हात वर केला. शहबाजने गाणं थांबवलं. सगळे तिच्या तोंडाशी कान नेऊन वाकले.

"इथी मी चुकली होती," ती कुजबुजली. "टाळ्या पडल्या, लोकायले समजलं नाई. तू वरच्या सुरात जाऊ नको, खालीच थांब. म्हण."

चंचलने डोळे पुसले आणि ओळ म्हटली. गुणाबाईने नकारार्थी मान हलवली. चंचलने पुन्हा म्हटली. मग गुणाबाईचं टेबलावरचं बोट थांबलं. ती लेकीकडे बघतच राहिली.

"माह्याहून बेस," ती म्हणाली. "चाल, तालमीले उशीर होऊन राह्यला."