एनिड मावशीचा पिवळा टाय

आमची एनिड मावशी कुणावर विश्वास ठेवायची नाही. खाटकानं सॉसेज दिले तरी आधी वास घेणार, मग पिशवीत टाकणार. वॉल्टकाका गेल्यापासून तर जास्तच. बिस्किटांच्या कारखान्यासमोर रस्ता ओलांडताना ट्रकनं उडवलं त्यांना. तिथं सिग्नल पाहिजे, एवढंच तिचं मागणं. नगरपालिका म्हणाली, रस्ता आमचा नाही, सरकारचा. मग मावशी आमच्या खासदाराला, अ‍ॅशबीला भेटली. शनिवारी तो वाचनालयात बसतो, लोकांचं ऐकायला. म्हणाला, "संसदेत विचारतो."

झालं. दर बुधवारी मावशी टीव्हीसमोर, संसदेतले प्रश्न बघायला. चहा गार होऊन जायचा. अ‍ॅशबी उठायचा, बसायचा, परत उठायचा. तोंडातून शब्द नाही.

शेजारची डोरीन म्हणायची, "अगं, पाय मोकळे करतोय तो."

"पाय कसले? मला बनवतोय. उठलेला दिसला की म्हातारी गप्प बसेल, असं वाटतं त्याला."

डोरीनच्या जावयानं फोनवर बघितलं. संसदेच्या नोंदीत अ‍ॅशबीचं या रस्त्याबद्दल अवाक्षर नाही. मावशी तडक वाचनालयात.

"साहेब, तुम्ही उठता ते कुठं लिहिलेलं नाही."

"रशवर्थबाई, बोललेलं लिहितात, उठलेलं नाही. आणि सभापतींनी नाव पुकारल्याशिवाय बोलता येत नाही. त्यांची नजर पडावी म्हणून तर आम्ही सगळे उठतो."

"सगळेच काळ्या कोटात उठता, मग तुम्ही दिसणार कसे त्यांना?"

घरी येऊन विणायलाच बसली. काका कारखान्यात जाकीट घालायचे ना, तसला भडक पिवळा रंग. त्याचा टाय. डोळ्यांना कमी दिसायचं, गाठ येते त्याच्या जरा खाली एक टाका सुटला. उसवते म्हणाली, मग म्हणाली, "राहू दे. कुठं घालणार आहे तो. कुत्र्याला बांधेल." शनिवारी नेऊन दिला.

पुढच्या बुधवारी अ‍ॅशबीच्या गळ्यात निळा टाय. त्याच्या पुढच्याही.

"बघ, बांधला कुत्र्याला."

मार्चमध्ये छातीत कफ भरला आणि मावशी गेली. अ‍ॅशबी अंत्यविधीला चर्चमध्ये आला, नंतर हॅमचं सँडविचपण खाल्लं. मावशी असती तर म्हणाली असती, मतं मागायला आला मेला.

बुधवारी मी सवयीनं टीव्ही लावला. डोरीन येऊन बसली. मावशीच्या खुर्चीत नाही, बाजूला. अ‍ॅशबी उठला. गळ्यात पिवळाजर्द टाय. आजूबाजूचे खासदार हसायला लागले. सभापतीपण हसले, आणि त्याचं नाव पुकारलं. वॉल्ट रशवर्थ असं आमच्या काकांचं अख्खं नाव घेऊन त्यानं विचारलं, तिथं सिग्नल कधी बसणार?

पलीकडून मंत्र्याचं उत्तर आलं, बघतो.

"बघतो म्हणजे कधी?" डोरीन टीव्हीवर ओरडली, थेट मावशीसारखी.

माझं लक्ष टायवर. मनात आलं, दुकानातून आणला असेल, दाखवायला. उठून पडद्याला नाक लावलं. गाठीखाली एक टाका सुटलेला.

मावशीच्या जिवंतपणी का नाही घातला, ते त्याचं त्यालाच माहीत. शनिवारी वाचनालयात जाणार आहे, तेही विचारीन. आणि बघतो म्हणजे कधी, ते आधी.